नावडतीचे मीठ अळणी

प्रत्येक शहरात काही धंदे असे असतात, की ज्यांची गरज पुष्कळांस असते, पण ज्यांचा शेजार कोणासही नको असतो. खाटकाचे दुकान, दारूचा गुत्ता, भंगाराची वखार, कातडी कमावण्याची जागा, नाचगाण्याचे ठिकाण, रस्त्याच्या कडेची हातगाडी, ही त्यांतील ठळक नावे होत. अशा एखाद्या धंद्याविरुद्ध चार वजनदार माणसांनी अर्ज केला, की म्युनिसिपालिटीत ठराव येतो. ठरावास विरोध करून आपले नाव खराब करून घेण्यास कोणी सभासद धजत नाही. आणि थोड्याच दिवसांत त्या दुकानास सील लागते. शेजारी सुटकेचा निःश्वास टाकतात, सभासद सत्कार स्वीकारतात, आणि ज्याच्या चुलीवर पाणी पडले त्याचे म्हणणे काय होते, ही चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण आमच्या घरांतून निपजली खरी. पण आमच्या नगरसभागृहांतील पुष्कळ ठराव तिच्यावरच उभे असतात. मीठ खरोखर किती पडले आहे, हे चाखून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ते कोणाच्या हातचे आहे, एवढे पाहूनच निकाल दिला जातो.

लोकांस न आवडणारा धंदा नियमाने बंद करण्याचा अधिकार नगरसंस्थांस असावा काय, आणि असल्यास तो त्यांनी कोणत्या मर्यादेत वापरावा, या प्रश्नाचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. हा प्रश्न केवळ खाटकांचा किंवा गुत्तेवाल्यांचा नाही. ज्याच्या दुकानाच्या भिंतीवर म्युनिसिपालिटीचा परवाना टांगलेला आहे, त्या प्रत्येक व्यापाऱ्याचा हा प्रश्न आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नियमनाचा अधिकारच नसावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दाट वस्तीत फटाक्यांचे कोठार ठेवणारा, सार्वजनिक मोरीत विषारी पाणी सोडणारा, किंवा नासके अन्न विकणारा मनुष्य 'माझा धंदा, माझी मर्जी' असे म्हणू लागला, तर त्याचे ऐकून घेण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या कायद्यात धोकादायक व उपद्रवकारक धंद्यांस परवाना सक्तीचा करणारे कलम आहे, आणि ते योग्यच आहे. किंबहुना, नगरसंस्था आपले हे कर्तव्य टाळू लागल्या, तर त्यांस न्यायालयाने जाब विचारावा, हेही आम्हांस मान्य आहे. रतलाम येथील म्युनिसिपालिटी उघड्या गटारांकडे व मद्यार्काच्या कारखान्यातून वाहणाऱ्या दुर्गंधियुक्त पाण्याकडे दुर्लक्ष करीत होती. तेव्हा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्पष्ट बजावले, की तिजोरीत पैसा नाही ही सबब लोकांच्या आरोग्यापुढे टिकणार नाही. सारांश, उपद्रव दूर करणे हे नगरसंस्थेचे कामच आहे. वाद आहे तो उपद्रव कोणता आणि नावड कोणती, हे ओळखण्याचा.

हा भेद नीट ध्यानात येण्यास उदाहरण शक्य तो दूरचे घ्यावे, म्हणजे आपला रागलोभ आड येत नाही. म्हणून आम्ही वाचकांस प्रथम अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी, आणि तेही एकोणिसाव्या शतकात, घेऊन जातो. धंदा आहे कपडे धुण्याचा. यापेक्षा निरुपद्रवी धंदा कोणता असावा?

१८८० साली त्या शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्स या नगरमंडळाने एक नियम केला. विटांच्या किंवा दगडी इमारतीखेरीज अन्य इमारतीत धुलाईखाना चालवावयाचा असल्यास मंडळाची परवानगी घेतली पाहिजे, न घेतल्यास तो गुन्हा होईल, असा त्याचा आशय होता. कारण दाखविले आगीचे. लाकडी घर, आत पेटलेल्या भट्ट्या, तेव्हा सावधगिरी नको काय? नियमाच्या शब्दांत कोणत्याही जातीचे वा देशाचे नाव नव्हते. परंतु शहराची वस्तुस्थिती पाहा. त्या वेळी तेथे सुमारे ३२० धुलाईखाने होते. त्यांपैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींत होते. आणि सुमारे २४० चिनी लोकांच्या मालकीचे होते. शहरातील एकंदर घरांपैकी नऊ-दशांश घरेच लाकडाची होती. म्हणजे नियमाच्या कक्षेत जवळजवळ सर्वच धुलाईवाले आले, आणि कोणास ठेवावे व कोणास घालवावे हे सर्वस्वी मंडळाच्या मर्जीवर राहिले.

मर्जी कशी चालली, ते आकडेच सांगतात. सुमारे २०० चिनी धुलाईवाल्यांनी परवानगी मागितली. ती सर्वांस नाकारण्यात आली. चिनी नसलेल्या सुमारे ८० जणांचे धुलाईखाने तशाच लाकडी घरांत, तशाच भट्ट्यांवर चालत होते. ते एक अपवाद सोडल्यास निर्वेध चालू राहिले. यिक वो या नावाने न्यायालयापुढे आलेला धुलाईवाला त्याच जागेत २२ वर्षे धंदा करीत होता. आगीपासून बंदोबस्त ठीक आहे, असा अग्निशमन अधिकाऱ्यांचा दाखला १८८४ सालचा त्याच्यापाशी होता. सांडपाण्याची व्यवस्था ठीक आहे, असा आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला १८८५ सालचा होता. तरीही परवानगी मिळाली नाही. त्याने धंदा चालू ठेवला, म्हणून १० डॉलर दंड झाला. दंड न भरल्यामुळे तुरुंग घडला.

१० मे १८८६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा मथितार्थ असा, की नियमाचे शब्द कितीही निःपक्षपाती असोत, त्याची अंमलबजावणी जर एकास एक व दुसऱ्यास दुसरे अशा विषम हाताने होत असेल, तर समान न्याय नाकारल्यासारखाच आहे. यिक वो हा अमेरिकेचा नागरिकदेखील नव्हता. तरीही कायद्याचे रक्षण त्यास मिळाले; कारण ते रक्षण माणसास आहे, केवळ आवडत्या माणसास नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या मुद्द्यास अधिक उपयोगी आहे. याच शहराने याच धंद्याविषयी दुसरा एक नियम केला होता: ठराविक हद्दीतील धुलाईखान्यांत रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत काम करू नये. त्या नियमाविरुद्धची तक्रार याच न्यायालयाने १८८५ साली फेटाळली होती. शहर तेच, धंदा तोच, न्यायालयही तेच. मग एका वर्षात निकाल उलटा का? कारण उघड आहे. रात्री भट्टी पेटती राहिली तर आगीचे भय वाढते. त्या भयाच्या मापाने वेळेची मर्यादा घातली, आणि ती हद्दीतील सर्वांस सारखी लागू केली. दुसऱ्या नियमात भयाचे नाव घेतले, पण मोजले मात्र माणसाचे तोंड. न्याय्य नियम व अन्याय्य नियम यांतील अंतर इतके साधे आहे.

परदेशची गोष्ट पुरे. आता घराकडे वळू. आमच्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक हितासाठी त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. सगळा वाद 'वाजवी' या एका शब्दात साठलेला आहे. आणि घटना अमलात आल्यापासून अवघ्या एका वर्षाच्या आत त्या शब्दाची परीक्षा झाली, ती बड्या कारखानदारांच्या नव्हे, तर भाजीच्या व विडीच्या धंद्यावरून.

संयुक्त प्रांतातील कैराना येथील म्युनिसिपालिटीने नियम केला, की भाजीचा घाऊक व्यापार तिच्या परवानगीवाचून करू नये; पण परवानगी देण्याची व्यवस्था मात्र केलीच नाही, आणि घाऊक विक्रीचा मक्ता एकाच इसमास देऊन ठेवला. दुसऱ्या एका जुन्या व्यापाऱ्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. नामंजूर होण्याखेरीज त्याचे दुसरे काही होणे शक्यच नव्हते. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. दाराला कुलूप घालून त्यावर 'आत येण्यास परवानगी पाहिजे' अशी पाटी लावणे, याला कोणी नियमन म्हणत नाही.

त्याच वर्षीचे दुसरे प्रकरण मध्यप्रदेशातील सागर जिल्ह्याचे. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत, म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने १९४८ साली केलेल्या कायद्याचा आधार घेऊन जिल्हाधिकाऱ्याने काही गावांत हंगामभर विडी वळण्यास सरसकट मनाई केली. हेतू वाईट नव्हता. धान्याची टंचाई खरी होती. पण विडी वळते कोण? शेतात राबण्यास ज्यांचे शरीर चालत नाही अशा म्हाताऱ्या बायका, अपंग माणसे, लहान पोर कडेवर असलेल्या आया, हेही विडी वळतात. त्यांची विडी बंद केली, म्हणून शेतास एक मजूर अधिक मिळणार नाही. फक्त एक पोट उपाशी राहील. न्यायालयाने ती मनाई याच कारणावरून रद्द केली: साध्यास जेवढे आवश्यक, त्यापलीकडे नियमाने जाता कामा नये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होता.

येथवर वाचकांची मान आमच्याबरोबर डोलत असेल. धोबी, भाजीवाला, विडी वळणारी म्हातारी, यांच्याविषयी कोणाच्या मनात किंतु असणार? पण तत्त्वाची खरी कसोटी सोप्या उदाहरणांवर लागत नाही. म्हणून आता मुद्दाम असे उदाहरण घेतो, की ज्याचे नाव काढताच पुष्कळ सद्‌गृहस्थ भुवया उंचावतील. ते म्हणजे मुंबई-ठाण्याकडील डान्स बारचे. यातील कायदा नगरसंस्थेचा नसून राज्य सरकारचा होता, हे खरे; पण धंदा नावडता आणि उपाय बंदीचा, ही दोन्ही अंगे येथे पूर्ण आहेत.

२००५ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ व ३३-ब अशी दोन नवी कलमे घातली. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नाच बंद केला. दुसऱ्याने त्यातून तीन तारे व त्याहून वरच्या दर्जाची हॉटेले, क्लब व जिमखाने यांस सूट दिली. सरकारचे म्हणणे, की हे नाच अश्लील असतात, त्यांतून स्त्रियांचे शोषण होते, अल्पवयीन मुली आणल्या जातात, गुन्हेगारीस आसरा मिळतो. हे आरोप पोकळ होते, असे आम्ही म्हणत नाही. पण मग प्रश्न असा, की जो नाच साध्या बारमध्ये समाजास घातक, तो गालिचा अंथरलेल्या हॉटेलात निर्दोष कसा होतो? ग्राहकाच्या खिशातील नोटांची संख्या वाढली, म्हणून नीती शुद्ध होते काय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय यापेक्षा उघडपणे क्वचितच कायद्यात उतरला असेल.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. अश्लीलता, फसवणूक, अल्पवयीन मुलींचा व्यापार, यांविरुद्ध कायदे आधीच होते. त्यांची अंमलबजावणी न करता संपूर्ण धंद्यावरच बंदी घातली गेली. बंदीमुळे ७५,००० हून अधिक स्त्रियांचा रोजगार गेला, आणि कुटुंब पोसण्यासाठी त्यांतील अनेकींवर देहविक्रयाची पाळी आली, याची नोंद त्या निकालात आहे. स्त्रियांची अप्रतिष्ठा थांबविण्यासाठी म्हणून जो उपाय केला, त्यानेच त्यांस अधिक मोठ्या अप्रतिष्ठेच्या खाईत लोटले. ज्या सद्‌गृहस्थांनी बंदीचे स्वागत केले, त्यांपैकी कितीजणांनी त्या स्त्रियांपैकी एकीस तरी दुसरे काम मिळवून दिले, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनास विचारावा.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. २०१४ साली सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणली गेली. तिला २०१५ साली स्थगिती मिळाली. २०१६ साली नवा कायदा आला. त्यात बंदीचा शब्द नव्हता. पण अटी अशा, की शाळा व धार्मिक स्थळे यांपासून एक किलोमीटरच्या आत परवाना मिळावयाचा नाही. मुंबईसारख्या शहरात ज्याच्या एक किलोमीटर अंतरात शाळा नाही, मंदिर नाही, मशीद नाही, चर्च नाही, असा जमिनीचा तुकडा कोणी शोधून दाखवावा! १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अंतराची अट, आतील सर्व हालचालींवर कॅमेऱ्यांची सक्ती, व अशा आणखी काही अटी रद्द केल्या. मात्र सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची मर्यादा व नाचणाऱ्या स्त्रियांवर नोटा उधळण्यास मनाई, या गोष्टी न्यायालयाने कायम ठेवल्या. पुन्हा तोच भेद: उपद्रवास लगाम घालणे मान्य; नियमनाच्या आडून गळा दाबणे अमान्य.

यावर आमच्यावर पहिला आक्षेप असा येईल, की लोकमतास काही किंमत आहे की नाही? शहर लोकांचे आहे. बहुसंख्य लोकांस एखादा धंदा नको असेल, तर तो त्यांनी का सोसावा? आक्षेप वजनदार आहे, व न्यायालयांनीही भावनेस अगदीच दाराबाहेर ठेवलेले नाही. पर्युषणाच्या दिवसांत अहमदाबाद येथील म्युनिसिपल कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा ठराव सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरविला. तो का, हे मात्र नीट वाचले पाहिजे. बंदी थोड्या दिवसांची आहे, ती मोठ्या मुदतीची असती तर निराळा विचार करावा लागला असता, असे न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे भावनेसही माप लावले. पुढे २०१५ साली मुंबईत याच सणात मांसविक्री बंद ठेवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीबंदीच्या एका दिवसास स्थगिती दिली. कत्तलखाने बंद ठेवण्यास मात्र हात लावला नाही. शेजाऱ्याच्या सणाचा मान राखणे ही सभ्यता आहे. पण सभ्यता ही मागून घ्यावयाची वस्तू आहे. ती दंडाच्या भीतीने रोज वसूल होऊ लागली, की तिचे नाव जुलूम होते.

लोकमताने धंदा बंद करावयाचाच झाला, तर तो कसा करावा, याचे एक चांगले उदाहरण आमच्याच राज्यात आहे. गावातील किंवा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होते, त्यास लोक 'उभी बाटली, आडवी बाटली' असे म्हणतात. २००८ सालच्या आदेशाप्रमाणे प्रथम पुरेशा मतदारांची मागणी यावी लागते. मग सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान होते. आणि केवळ हजर राहिलेल्यांच्या नव्हे, तर यादीवरील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली, तरच दुकान बंद होते. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या कित्येक मायबहिणींनी या मार्गाने आपल्या गावची दुकाने बंद केली आहेत. येथे उपद्रव काल्पनिक नाही. तो त्यांच्या पाठीवरच्या वळांत व रिकाम्या डब्यांत दिसतो. शिवाय दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणास नाही, हे न्यायालयांनी ठरविलेलेच आहे. तरीदेखील या दुकानासाठी मागणी, मतदान व मोठे मताधिक्य एवढ्या पायऱ्या घातल्या आहेत. मग ज्या धंद्यांचा हक्क घटनेनेच दिला आहे, ते चार अर्जांवर व एका ठरावावर बंद व्हावेत, हे कोणत्या तर्कात बसते?

दुसरा आक्षेप नीतीचा. समाजाची नीती राखणे हे सरकारचे काम नाही काय? आम्ही म्हणतो, की ज्या कृत्याने दुसऱ्याची हानी होते, ते रोखणे सरकारचे काम निःसंशय आहे. परंतु एखादी गोष्ट मला किळसवाणी वाटते, एवढ्यावरून ती दुसऱ्यास हानिकारक आहे असे सिद्ध होत नाही. एके काळी या देशात मुलींस शाळेत पाठविणे अनीतीचे मानले जात होते, आणि विधवेचा पुनर्विवाह लावणाऱ्यावर बहिष्कार पडत असे. त्या वेळच्या बहुसंख्यांच्या हाती परवाना देण्याचा अधिकार असता, तर मुलींची एकही शाळा उघडली नसती. सुधारणेची बाजू घेणाऱ्यांनी तरी हे विसरू नये, की नावडीच्या काठीचा मार प्रथम त्यांनीच खाल्ला आहे.

आता आमच्या व्यापारी वाचकांशी दोन शब्द अधिक स्पष्टपणे बोलतो. पेठेतील दुकानदारास दारापुढील फेरीवाला नको असतो, आणि म्युनिसिपालिटीची गाडी येऊन त्याची पाटी उचलून नेते तेव्हा दुकानदार आत बसून समाधान पावतो. फेरीवाल्याने वाट अडविली, तर ती मोकळी करून घेण्याचा हक्क सर्वांस आहे. पण २०१४ साली संसदेने केलेल्या पथविक्रेता कायद्यात असे सांगितले आहे, की आधी फेरीवाल्यांची पाहणी करावी, ती पुरी होऊन त्यांस प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हुसकू नये, जागा बदलावयाची झाल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद त्यांच्याच मतांनी निवडलेले असावेत. या कायद्याने फेरीवाल्यास मिळते ते तरी काय? सूचना, सुनावणी व आपले प्रतिनिधी. हे दुकानदारास नको आहे काय? ज्या दिवशी त्याच्याच दुकानावर रस्तारुंदीची किंवा जागावापराची नोटीस लागेल, त्या दिवशी तो हेच मागेल. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. नावडत्या धंद्यावर बिनसुनावणीचे सील लावण्याची सवय एकदा हाताला लागली, की तो हात पुढे कोणाच्या दाराशी थांबेल, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

या अधिकाराची आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही, पण प्रत्येक व्यापाऱ्यास ती ठाऊक असते. नियमात मोजमाप नसले आणि सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असले, की मर्जीस किंमत येते. जो नियम पाळणे अशक्य, तो मोडणे अपरिहार्य. आणि जो मोडणे अपरिहार्य, तो मोडल्याचे दिसू नये यासाठी हप्ता बांधला जातो. म्हणजे धंदा बंद होत नाही, उपद्रव कमी होत नाही, सरकारी तिजोरीत पै येत नाही. फक्त मधल्या माणसाचे फावते. ज्यांस शहरातील लाचलुचपतीची खरोखर चीड आहे, त्यांनी पहिल्याने मोघम शब्दांत लिहिलेल्या नियमांची चीड बाळगावी.

तेव्हा नगरसंस्थांकडे आमचे मागणे काय? कोणताही धंदा बंद करणारा किंवा हलविणारा ठराव सभागृहापुढे आला, की प्रत्येक सभासदाने चार प्रश्न विचारावेत. पहिला, या धंद्याने कोणाची, कोणती हानी होते, आणि ती कोणी मोजली आहे? 'लोकांस आवडत नाही' हे उत्तर पुरे समजू नये. दुसरा, तीच हानी करणाऱ्या सर्वांस हा नियम सारखा लागू आहे काय, की मोठ्या हॉटेलास सूट व लहान खाणावळीस सील असा त्याचा रोख आहे? तिसरा, वेळ, जागा, स्वच्छता, आवाज यांची मर्यादा घालून जे काम भागेल, त्यासाठी धंदा मुळासकट उपटण्याची गरज आहे काय? चौथा, ज्याचा धंदा जाणार, त्यास लेखी कारणे, उत्तर देण्यास मुदत, तटस्थ अधिकाऱ्यापुढे सुनावणी, व धंदा हलविण्यास वेळ मिळाला आहे काय? या चारांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर ठराव परत पाठवावा.

हे प्रश्न काही आम्ही नव्याने शोधून काढलेले नाहीत. वर सांगितलेल्या प्रत्येक निकालात ते कोणत्या ना कोणत्या रूपाने आलेलेच आहेत. खेद याचा, की ते विचारण्यासाठी प्रत्येक वेळी एखाद्या धुलाईवाल्यास तुरुंगात जावे लागते, किंवा हजारो स्त्रियांस आठ-आठ वर्षे निकालाची वाट पाहावी लागते. बंदीचा हुकूम एका सभेत निघतो. तो चुकीचा होता हे ठरावयास सात ते आठ वर्षे लागतात. आणि तोवर ज्याचा धंदा गेला त्याचे घर विकलेले असते, मुले शाळेतून निघालेली असतात. निकाल जिंकूनही तो मनुष्य हरलेलाच असतो. म्हणूनच या प्रश्नांची जागा न्यायालयात नव्हे, तर सभागृहात, ठरावावर हात वर होण्यापूर्वी आहे.

आम्हांस अमुक एक धंदा प्रिय आहे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. वर उल्लेखिलेल्यांपैकी काही धंदे बुडाले तर आम्हांस वाईट वाटणार नाही. परंतु ते बुडावेत ते गिऱ्हाईकांनी पाठ फिरविल्यामुळे, किंवा त्यांनी केलेली हानी चारचौघांसमक्ष सिद्ध झाल्यामुळे. केवळ ते कोणास आवडत नाहीत म्हणून नव्हे. येत्या निवडणुकीत मते मागण्यास जे उमेदवार दारी येतील, त्यांनी कोणकोणते धंदे बंद केले याची यादी ते अभिमानाने सांगतील. वाचकांनी त्यांस एवढेच विचारावे, की बंद करण्यापूर्वी त्या माणसांचे म्हणणे ऐकून घेतले होते काय?